सीमाभागातली ॲसिडिटी: पोटाचा आजार आणि भाषेची अडचण

राजहंसगड
नमस्कार मंडळी. मी कर्नाटकातल्या बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. आईच्या दुखण्यावरून हा धागा काढतोय. जरा लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आई 64 वर्षांची. गेली तीन-चार वर्षं तिचं एकच गाऱ्हाणं, "छातीत जळूलालंय रे, घशाशी आंबट येऊलालंय." पित्त म्हणून आम्ही सोडून दिलं. देव्हाऱ्याच्या शेजारी गुलाबी औषधाची बाटली कायमची असायची, रात्री उठून ती तशीच तोंडाला लावायची. मग कोरडा खोकला सुरू झाला. खोकल्याची औषधं झाली, छातीचा फोटो झाला, दम्याचा पंपसुद्धा झाला. शेवटी एका दवाखान्यात पोटाच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या वर्षभर घेतल्या, काडीचा फरक नाही.

गेल्या महिन्यात दुर्बिणीने तपासणी केली. जठराचा वरचा भाग थोडा छातीत सरकलाय (हायटस हर्निया) आणि अन्ननलिका खालच्या टोकाला सोलवटलीय. नवीन डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कधी घेता?" आई म्हणाली, "जेवण झाल्यावर." डॉक्टर म्हणाले, "ही गोळी उपाशीपोटी घ्यायची असते. तुम्हाला सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. गोळ्यांच्या पाकिटावर कन्नडमध्ये लिहिलेलं होतं. काउंटरवरचा मुलगा "ऊटद मोदलु" असं काहीतरी म्हणाला होता, तेही आईला आठवलं. त्यातलं "ऊट" म्हणजे जेवण एवढंच तिला कळलं होतं, म्हणून ती जेवून गोळी घेत राहिली. एक वर्ष!

माझा भाऊ इंग्लंडमध्ये असतो. तो म्हणाला, तिकडे आशियाई लोकांच्या ॲसिडिटीचा वेगळा विचार होतो, कारण त्यांचं खाणं वेगळं, दुखणं सांगायचे शब्द वेगळे. तेव्हापासून डोक्यात आहे: इथे आपणही भाषेने अल्पसंख्याक. आपल्या मराठी माणसांत हा आजार जास्त आहे का? की तो उशिरा सापडतो? तुमच्या घरचे अनुभव लिहा.

पहिल्या_गेटजवळ
आईंना लवकर बरं वाटो. आमच्या बाबांचंही असंच. फक्त त्यांनी गोळीऐवजी चार वर्षं खायचा सोडा घेतला. चमचाभर सोडा पाण्यात टाकायचा, ढेकर आली की "सुटलं" म्हणायचे. बीपी वाढलं तेव्हा डॉक्टरांनी सोडा बंद केला, त्यात सोडियम असतं म्हणून.

मलप्रभाकाठ
जास्त असणारच! सकाळी भाकरीबरोबर खर्डा, दुपारी आमटीत संकेश्वरी मिरची, रात्री तांबडा रस्सा. पोट काय दगडाचं आहे?

चिकोडीकर
@मलप्रभाकाठ, मिरचीला उगीच दोष देऊ नका. माझे आजोबा 91 वर्षं जगले. रोज ओली मिरची आणि कांदा बुक्कीने फोडून खायचे. कधी जळजळ म्हणाले नाहीत.

मलप्रभाकाठ
आजोबा रानात किती चालायचे आणि किती वाजता जेवायचे, तेही सांगा की.

चिकोडीकर
ते खरं. दिवेलागणीला जेवायचे आणि जेवून देवळापर्यंत जाऊन यायचे.

पोटाचा_डॉक्टर
मी पोटविकारांचा डॉक्टर आहे. मूळचा खानापूर तालुक्यातला, आता बाहेर असतो. राजहंसगड यांनी विचारलंय त्याला आधी उत्तर देतो.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. घास खाली गेला की ती मिटते. ती ढिली पडली की जठरातलं आम्ल वर येतं. जठराचं अस्तर आम्ल सोसतं, अन्ननलिकेचं सोसत नाही, म्हणून जळजळ. आम्ल रात्री घशापर्यंत पोचलं तर खोकला, सकाळी आवाज बसणं, दातांचं वरचं आवरण झिजणं, असंही होतं. दम्यासारखा खोकला हे या आजाराचं नेहमीचं सोंग आहे. त्यामुळे आईंना पंप देणाऱ्यांनाही मी फार दोष देणार नाही.

आता वंशाचा प्रश्न. 2004 साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनमधला एक अभ्यास आला होता. त्यात जळजळीचं प्रमाण गोऱ्या आणि काळ्या लोकांत जवळपास सारखं होतं, पण अन्ननलिकेला जखमा गोऱ्यांत जास्त होत्या. पुढे कॅन्सरकडे नेऊ शकणारा अस्तरातला बदलही आपल्यापेक्षा गोऱ्या पुरुषांत जास्त दिसतो. आपल्याकडे इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या 2011 च्या पाहणीत देशभरातल्या 3,224 लोकांपैकी 7.6 टक्क्यांना हा त्रास निघाला. मराठी रक्तात आम्ल जास्त आणि कन्नड रक्तात कमी, असं काही नसतं. झडपेला भाषा कळत नाही.

दवाखान्याला मात्र कळावी लागते. "गोळी कधी" हा तपशील तुम्ही सांगितलात, तो फार मोठा आहे. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्या जठरातले आम्ल तयार करणारे पंप बंद करतात, पण जे पंप चालू असतात तेच. पंप चालू होतात जेवणाने. म्हणून सकाळच्या खाण्याआधी अर्धा ते एक तास गोळी घेतली की ती रक्तात तयार असते आणि पंप सुरू होताच बंद करते. जेवल्यावर घेतली तर बरीचशी वाया. आईंनी वर्षभर औषध घेतलं आणि ते लागू पडलं नाही, याचं मला एक मराठी माणूस म्हणून वाईट वाटतं आणि डॉक्टर म्हणून त्याहून जास्त.

निपाणीची_लेक
डॉक्टर, तंबाखूचं लिहा ना. आमच्या निपाणीत घरोघरी विड्या. माझी आई तीस वर्षं विड्या वळतेय. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं आणि जर्दा, दोरा बोटाला गुंडाळलेला, आणि सकाळपासून पाठीचं धनुष्य. सकाळी उठल्या उठल्या मिश्री. मिश्री लावल्याशिवाय चहा नाही, चहाशिवाय परसाकडला नाही. छातीत जळतं म्हणाली की शेजारणी म्हणतात, "अजून थोडी मिश्री लाव, बरं वाटंल."

पोटाचा_डॉक्टर
@निपाणीची_लेक, दोन्ही गोष्टी तिच्या विरुद्ध जातात. निकोटीन ती झडप ढिली करतं, मग ते विडीतून येवो नाहीतर मिश्रीतून. आणि दिवसभर पोटावर वाकून बसल्याने जठर दाबलं जातं. मिश्री एका दिवसात सुटणार नाही, पण निदान अनशापोटी नको. वळताना सूप मांडीवरून काढून छोट्या पाटावर ठेवता येईल का बघा, पाठ सरळ राहील.

निपाणीची_लेक
पाट ठेवून बघते. हजाराचा हिशोब असतो ना, हात मंदावला की मजुरी कमी, म्हणून ती ऐकत नाही. पण सांगते.

रोपलावण
वाकण्यावरून आठवलं. आमच्या जांबोटी भागात जूनअखेर-जुलैत रोप लावण. बायका बांधावर भाकरी खातात आणि लगेच चिखलात वाकतात, पार संध्याकाळपर्यंत. माझी वहिनी दर पावसाळ्यात म्हणायची, "लावण आली की माझं पित्त येतं." आम्हाला वाटायचं पावसाने. आता कळतंय, भरल्या पोटी वाकल्याने.

पोटाचा_डॉक्टर
अगदी बरोबर निदान! दुपारची भाकरी थोडी कमी, आणि खाल्ल्यावर अर्धा तास रोपांच्या मुठी बांधायचं काम उभ्याने किंवा ताठ बसून केलं तरी फरक पडेल.

कॅम्पातला
मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. प्रत्येक गोष्टीत सीमाप्रश्न आणू नये. बेळगावातले निम्मे डॉक्टर कन्नड, मराठी, हिंदी तिन्ही सराईत बोलतात. माझ्या आईचं ऑपरेशन करणारे डॉक्टर कन्नड घरातले, आणि त्यांनी तिला "मावशी, घाबरू नका, मी आहे ना" असं आपल्या मराठीत सांगितलं. पाकिटावरचं न वाचणारी कन्नड आजी नाही का? आजाराला राजकारण लावलं की औषध राहतं बाजूला.

राजहंसगड
@कॅम्पातला, राग मुळीच नाही. माझी तक्रार कुठल्या डॉक्टरांवर नाही, त्या पोरावर तर नाहीच, त्याने त्याच्या भाषेत बरोबरच सांगितलं. पण न वाचता येणाऱ्या कन्नड आजीला निदान कानाने तरी कळतं. माझी आई मराठी चौथी शिकलेली, तरुण भारत रोज वाचते. तिच्या हातातलं पाकीट मराठीत असतं तर तिने ते दोनदा वाचलं असतं. एवढंच म्हणणं आहे.

शहापूरकर
आणि ही काही मेहरबानी मागणं नाही. भाषिक अल्पसंख्याकांना दिलेल्या संरक्षणांत आहे की जिल्ह्यात किंवा तालुक्यात ते 15 टक्के किंवा जास्त असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या. राज्यघटनेच्या 350-ब कलमाखाली त्यासाठी आयुक्त आहे. 1956 पासून आपण सातबारा मराठीत द्या, परिपत्रकं मराठीत द्या म्हणून भांडतोय. "गोळी जेवणाआधी घ्या" ही सूचना त्या यादीत कधी आलीच नाही. यायला हवी होती.

गवळीवाडा
शहापूरकर, मराठी म्हणताना आमच्यासारख्यांनाही धरा. खानापूरच्या जंगलातले आम्ही धनगर-गवळी. आमच्या म्हाताऱ्यांचं बोलणं तुमच्या पेठेतल्या मराठीतही बसत नाही. आणि बेळगावात दख्खनी बोलणारी मुस्लिम घरं कितीतरी आहेत, त्यांची अडचण हीच. पाकिटावर तिसरी भाषा छापली तरी आमच्या आजीला ती वाचता येणार नाही. तिला चित्र पाहिजे.

टिळकवाडीची_सून
मी धारवाडकडची, माहेर कन्नड. लग्नाला बावीस वर्षं झाली, आता स्वप्नंही मराठीत पडतात. मला वाटतं शब्दांचा गोंधळ मी सांगू शकेन.

तुमच्याकडे "पित्त" हा एक शब्द किती कामं करतो! जळजळलं तरी पित्त, डोकं दुखलं तरी पित्त, उलटी झाली तर पित्त पडलं, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त उठलं आणि आमसूल चोळा. आमच्या माहेरी पित्त म्हटलं की चक्कर आणि मळमळ. म्हणजे मराठी आजी जळजळ सांगतेय आणि ऐकणारी कन्नड नर्स चक्कर समजतेय, असं होऊ शकतं. शब्द सारखा म्हणून कुणी पुन्हा विचारतही नाही. अनोळखी शब्द असता तर विचारलं असतं.

कन्नडमध्ये जळजळीला म्हणायचं "एदे उरी". एदे म्हणजे छाती, उरी म्हणजे जळणं. आंबट ढेकर म्हणजे "हुळी तेगु". छातीत दुखणं वेगळं, ते "एदे नोवु". "मोदलु" म्हणजे आधी. "नंतर" मात्र दोन्हीकडे नंतरच! राजहंसगडच्या आईंना "ऊटद नंतर" म्हटलं असतं तर लगेच कळलं असतं, आणि नेमकं जे कळायला हवं होतं तेच परकं निघालं. वाचून मला गलबलून आलं.

मलप्रभाकाठ
@टिळकवाडीची_सून, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आणि तो "गॅस्ट्रिक"? आमच्याकडे सगळे म्हणतात, "मला गॅस्ट्रिक आहे."

टिळकवाडीची_सून
तो तर अख्ख्या कर्नाटकाचा शब्द. ढेकर, गॅस, जळजळ, पोट फुगणं, सगळं गॅस्ट्रिक. त्यात कन्नड-मराठी दोघांची पूर्ण एकी आहे. :)

पोटाचा_डॉक्टर
आणि त्या एकीमुळे दोघांचंही नुकसान होतं! "गॅस्ट्रिक" म्हणत छातीतलं दुखणं अंगावर काढलेले हृदयविकाराचे रुग्ण मी पाहिलेत, दोन्ही भाषांतले. म्हणून जरा ठासून लिहितो. जडपणा, दाब, घाम, दुखणं जबड्यात किंवा डाव्या हातात जाणं, चालताना वाढणं, यातलं काही असलं तर आधी ईसीजी, गोळी मागून. मधुमेह असलेल्या बायकांत तर नुसती मळमळ आणि थकवा एवढंच दिसू शकतं.

तसंच घास अडकणं, काळी डांबरासारखी शी, रक्ताची उलटी, कारण नसताना वजन उतरणं, रक्त कमी होणं. यातलं एकही असेल तर घरगुती उपाय थांबवा आणि दुर्बीण करून घ्या.

पहिल्या_गेटजवळ
डॉक्टर, बाबांना पूर्वी "अल्सर" सांगितलं होतं. हे तेच का?

पोटाचा_डॉक्टर
नाही. अल्सर म्हणजे जठराला किंवा पुढच्या आतड्याला पडलेली जखम. त्याची मुख्य कारणं दोन. एक हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी 1982 मध्ये तो वेगळा केला, आणि 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दुसरं कारण गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. बाबा गुडघ्यासाठी काही घेतात का?

पहिल्या_गेटजवळ
घेतात. बसस्टँडजवळच्या दुकानातून सुट्या गोळ्या आणतात. आजच पाकीट बघतो.

सोलकढी
आयुर्वेदाचं कुणीच काही बोललं नाही. माधवनिदानात अम्लपित्ताचं वेगळं प्रकरण आहे, म्हणजे आपल्याला हे आजचं नाही. आवळा, ज्येष्ठमध, साळीच्या लाह्यांचं पाणी. आणि कणकुंबीकडे रातांब्याला तोटा नाही, जेवणावर सोलकढी घ्या.

रोपलावण
सोलकढीने मला जास्त जळतं. :( आंबट आहे ना. लाह्यांचं पाणी मात्र खरंच निववतं.

पोटाचा_डॉक्टर
ज्याला जे सोसत नाही ते त्याने टाळावं, सरसकट पथ्य नको. मिरचीचंही तसंच. मिरची आम्ल वाढवते असं नाही, सोललेल्या जागी झोंबते. तळकट, पोटाला तडस लागेपर्यंतचं आणि उशिराचं जेवण त्याहून वाईट. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. डाव्या कुशीवर झोपा. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली सहा-आठ इंच उंची द्या. दोन-तीन उशा घेऊ नका, त्याने पोट दुमडतं. आणि वर्षानुवर्षं गोळी मनाने चालू ठेवायची नाही, मनाने एकदम थांबवायचीही नाही. एकदम थांबवली की आम्ल उसळून येतं, आणि फार दिवस चालली तर बी-12 कमी होऊ शकतं.

चिकोडीकर
पुढच्या उपचारासाठी कोल्हापूर-मिरजेला जाणाऱ्यांसाठी: महाराष्ट्राने 2023 मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू केली आणि कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. ती दाखल होऊन करायच्या उपचारांची योजना आहे, रोजच्या गोळ्यांना तिचा उपयोग नाही. जाण्याआधी नीट विचारून जा.

कॅम्पातला
वर मी राजकारण आणू नका म्हणालो होतो. सूनबाईंचा "मोदलु"वाला प्रतिसाद वाचून माझं म्हणणं थोडं बदललंय. काल मी नेहमीच्या मेडिकलमध्ये गेलो. मालक कन्नड आहेत, जुनी ओळख. त्यांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लिहून द्या, मी लावतो." काय लिहायचं ते धाग्यावर ठरवूया का?

गवळीवाडा
चित्र घाला. लिहिणं खाली.

राजहंसगड
कॅम्पातला, तुमचे मनापासून आभार. आईची खबर देतो: गोळी पहाटे उठल्यावर, मग अंगणाची झाडलोट, तुळशीला पाणी, आणि मग चहा-भाकरी. घड्याळ लागत नाही, तेवढ्यात बरोबर अर्धा-पाऊण तास होतो. पलंगाखाली घराच्या बांधकामातल्या उरलेल्या विटा लावल्या. पहिल्या रात्री म्हणाली, "मी पायथ्याला घसरूलालोय," म्हणून पायाकडे गोधडीची गुंडाळी ठेवली. अकरा दिवस झाले. खोकला रात्रीचा थांबलाय, दिवसाचा थोडा आहे. देव्हाऱ्याजवळची बाटली अजून तिथेच आहे, पण परवापासून उघडलेली नाही.

मूळ प्रश्नाचं उत्तर मला डॉक्टर आणि सूनबाईंकडून मिळालं.

निपाणीची_लेक
पाटाचं सांगितलं आईला. दोन दिवस कुरकुरली, आज स्वतःच शेजारणीकडून पाट मागून आणला. दादा, तो कागद तयार झाला की इथेच टाका. उद्या तिला दवाखान्यात न्यायचंय.

राजहंसगड
ताई, आत्ताच टाकतो. वर उगवता सूर्य, त्याच्याखाली गोळी, मग बाण, मग भाकरीचं ताट. गवळीवाड्याच्या आजीलाही कळेल. खाली मराठीत "गोळी आधी. अर्ध्या तासाने खाणं." त्याच्याखाली सूनबाईंनी तपासून दिलेलं तेच कन्नडमध्ये. आणि दवाखान्यात आईने दाखवायचा दुसरा कागद, कन्नडमध्ये: छातीत जळतं. घशाशी आंबट येतं. चक्कर नाही. किती दिवसांपासून ते आणि मिश्री लावते ते तुम्ही हाताने भरा.

टिळकवाडीची_सून
"चक्कर नाही" खाली दोनदा रेघ मारा.